नवख्या फ्रेट कोऑर्डिनेटरचे प्रश्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

शिपिंगच्या विक्री विभागात फ्रेट कोऑर्डिनेटर म्हणून नुकतेच रुजू झालेले किंवा त्या पदाच्या मुलाखतीची तयारी करणारे वाचक जे प्रश्न सातत्याने पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत आणि पुढे अडचणीचे प्रसंग येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्रेट कोऑर्डिनेटर नेमके काय काम करतो? विक्री विभागात असूनही त्याला विक्री करावी लागत नाही का?

विक्री प्रतिनिधी ग्राहक मिळवतो आणि त्याला दराचा व मुदतीचा शब्द देतो. तो शब्द प्रत्यक्षात उतरेपर्यंतचा पाठपुरावा कोऑर्डिनेटरकडे असतो. शिपिंग लाइन किंवा विमान कंपनीकडून दर मागवणे, कोटेशन तयार करणे, बुकिंग घेणे, रिकामा कंटेनर वेळेवर मिळेल याची व्यवस्था पाहणे, कागदपत्रांचे मसुदे तपासणे, जहाजाच्या तारखा बदलल्या की ग्राहकाला कळवणे आणि शेवटी बिल कोटेशनशी जुळते आहे की नाही हे पाहणे, असा या कामाचा साधारण विस्तार असतो. थेट विक्रीचे लक्ष्य बहुतेक ठिकाणी सुरुवातीला दिले जात नाही. तरीही ग्राहक दुसऱ्यांदा माल देतो की नाही, हे बऱ्याच अंशी कोऑर्डिनेटरच्या कामावर ठरते, कारण पहिल्या फोननंतर त्याचा रोजचा संबंध तुमच्याशीच येतो.

२. या कामासाठी विशिष्ट पदवी लागते का?

लागत नाही. वाणिज्य, लॉजिस्टिक्स किंवा परकीय व्यापार यांचे शिक्षण असल्यास शब्द लवकर ओळखीचे होतात, एवढाच त्याचा लाभ आहे. नेमणूक करणारे लोक प्रत्यक्षात नेटके ईमेल लिहिता येणे, एक्सेलमध्ये हिशेब मांडता येणे, जगाच्या नकाशावरील मोठी बंदरे ठाऊक असणे आणि एकाच वेळी वीस-पंचवीस फायली सुरू असताना त्यांतील कोणती आज तातडीची आहे हे ओळखता येणे, या गोष्टी पाहतात. यांतील शेवटचे कौशल्य सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते केवळ सरावाने येते.

३. फॉरवर्डर, शिपिंग लाइन, एनव्हीओसीसी आणि कस्टम ब्रोकर यांत फरक काय?

शिपिंग लाइन म्हणजे स्वतःच्या किंवा भाड्याच्या जहाजांवरून माल नेणारी कंपनी. फॉरवर्डर ग्राहकाच्या वतीने संपूर्ण प्रवासाची जुळवाजुळव करतो. त्याच्याकडे सहसा जहाज नसते, पण अनेक लाइन्सशी करार असतात. एनव्हीओसीसी जहाज न चालवता स्वतःच्या नावाने बिल ऑफ लेडिंग (समुद्री वाहतुकीचा मुख्य दस्तऐवज, प्रश्न ११) देतो आणि ग्राहकासमोर वाहतूकदार म्हणून जबाबदारी घेतो. अनेक फॉरवर्डर हे कामही करतात. कस्टम ब्रोकर सीमाशुल्क विभागापुढे मालाची घोषणा सादर करतो. नव्या माणसाने आपली कंपनी एखाद्या व्यवहारात यांपैकी कोणत्या भूमिकेत उभी आहे, हे प्रत्येक फाइलसाठी विचारून घ्यावे, कारण नुकसानभरपाईच्या वेळी (प्रश्न १६) सगळे त्यावरच अवलंबून असते.

४. दर मागवण्यापूर्वी ग्राहकाला कोणते प्रश्न विचारावेत?

माल नेमका काय आहे, किती नग आहेत, प्रत्येक नगाची लांबी, रुंदी, उंची आणि वजन किती, माल कोठून उचलायचा व कोठे पोचवायचा, केव्हा तयार होणार आणि विक्रीच्या कोणत्या अटीवर सौदा झाला आहे, एवढी माहिती हातात आल्याशिवाय दर मागवू नये. त्याखेरीज माल एकावर एक रचता येतो का, तापमान राखावे लागते का, धोकादायक वर्गात मोडतो का, लाकडी खोक्यांवर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का आहे का आणि व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर (ठरलेले कागद सादर केल्यावर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर) आहे का, हेही विचारावे.

“साधारण एक कंटेनर माल आहे” एवढ्यावर दर देण्याचा मोह होतो, कारण ग्राहक घाईत असतो आणि विक्रीचा सहकारी शेजारी उभा असतो. त्या वेळी थांबून विचारलेला एक प्रश्न पुढचे दहा ईमेल वाचवतो. माझ्या पहिल्या वर्षी एका यंत्राची उंची २.३२ मीटर असल्याचे मला कळवले होते. साध्या कंटेनरची आतील उंची सुमारे २.३९ मीटर असते, म्हणून मी निश्चिंत राहिलो. दाराची उंची मात्र सुमारे २.२८ मीटरच असते, हे स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनर भरण्याच्या, दिवशी लक्षात आले. हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा, कंटेनर शोधून तो आणेपर्यंत जहाज निघून गेले होते.

५. इन्कोटर्म्स पाठ करावे लागतात का?

इन्कोटर्म्स म्हणजे विक्रेता व खरेदीदार यांच्यात खर्च आणि जोखीम वाटून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय विक्री-अटी. त्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक अटीबाबत दोन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत: खर्च कोठपर्यंत विक्रेत्याचा आहे, आणि जोखीम कोणत्या क्षणी खरेदीदाराकडे जाते? सध्या प्रचलित असलेली इन्कोटर्म्स २०२० ही आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. तिच्यात ११ अटी आहेत. त्यांपैकी एफएएस, एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ या चार केवळ जलवाहतुकीसाठी आहेत, उरलेल्या सात कोणत्याही वाहतुकीला चालतात.

नवख्यांची सर्वाधिक गफलत ‘सी’ने सुरू होणाऱ्या अटींमध्ये होते. सीआयएफमध्ये विक्रेता गंतव्य बंदरापर्यंतचे भाडे व विमा भरतो, त्यामुळे जोखीमही तेथपर्यंत त्याचीच आहे असे वाटते. प्रत्यक्षात माल निर्गमन बंदरात जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे गेलेली असते. खर्चाची सीमा आणि जोखमीची सीमा येथे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. विम्यातही फरक आहे. सीआयएफमध्ये किमान संरक्षणाचा, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘सी’चा विमा पुरतो, तर कोणत्याही वाहतुकीला चालणाऱ्या तशाच सीआयपी या अटीमध्ये २०२० च्या आवृत्तीपासून व्यापक संरक्षणाचा क्लॉज ‘ए’ अपेक्षित आहे.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे कंटेनरमधील मालासाठी एफओबी (जोखीम माल जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडे जाते) वापरणे. कंटेनर टर्मिनलच्या ताब्यात दिल्यानंतर तो जहाजावर चढेपर्यंत काही दिवस जातात आणि त्या काळातील जोखीम विक्रेत्याकडे राहते, मात्र माल त्याच्या नियंत्रणात नसतो. म्हणून अशा मालासाठी एफसीए (जोखीम माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच खरेदीदाराकडे जाते) ही अट अधिक योग्य मानली जाते. बाजारात एफओबी इतके रुळले आहे की ग्राहक ते सहज बदलत नाही. आपण हा मुद्दा एकदा लेखी कळवावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

६. कंटेनरमध्ये किती माल बसतो, हे कसे सांगायचे?

२० फुटी कंटेनरचे आतील आकारमान सुमारे ३३ घनमीटर, ४० फुटी साध्या कंटेनरचे सुमारे ६७ आणि ४० फुटी हाय क्यूबचे सुमारे ७६ घनमीटर असते. हे आकडे कागदावरचे आहेत. खोक्यांमध्ये फटी राहतात, वरची जागा पूर्ण भरत नाही, पॅलेट स्वतः जागा घेतात. त्यामुळे ग्राहकाला अनुक्रमे २५ ते २८, ५५ ते ५८ आणि ६५ ते ६८ घनमीटर असा अंदाज सांगणे सुरक्षित ठरते. १.२ गुणिले १ मीटरचे पॅलेट असतील, तर २० फुटी कंटेनरच्या तळावर १० बसतात.

जड मालात जागेपूर्वी वजन संपते. ४० फुटी कंटेनर २० फुटीच्या दुप्पट जागा देतो, पण दुप्पट वजन नेत नाही. म्हणूनच लादी, धातू किंवा दगड यांसारखा माल बहुधा २० फुटीतून जातो. कंटेनरच्या दारावर लिहिलेली मर्यादा आणि रस्त्यावरील वाहनाला परवानगी असलेली मर्यादा या दोन्ही तपासाव्यात आणि त्यांतील कमी असेल तीच धरावी.

७. वजन कमी असूनही विमानाचे बिल जास्त का येते? एलसीएलचा हिशेब कसा करतात?

विमानात हलका पण मोठा माल जागा अडवतो, म्हणून प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतील जे जास्त असेल, त्यावर आकारणी होते. सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्याला ६००० ने भागले की आकारमानाचे वजन मिळते. ६० गुणिले ५० गुणिले ४० सेंटिमीटरच्या एका खोक्याचे आकारमानाचे वजन २० किलो येते. अशी १० खोकी असतील आणि त्यांचे एकूण प्रत्यक्ष वजन १४० किलो असेल, तर आकारणी २०० किलोंवर होईल. कुरिअर कंपन्या अनेकदा ५००० ने भागतात. त्यामुळे तोच माल कुरिअरने पाठवताना २४० किलोंचा होतो.

समुद्रमार्गे एलसीएलमध्ये, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये जातो तेव्हा, १ घनमीटर आणि १००० किलो समान धरून त्यांतील मोठा आकडा घेतला जातो. ३.२ घनमीटर व २१०० किलो माल ३.२ एककांचा ठरतो, तर २ घनमीटर व ३५०० किलो माल ३.५ एककांचा.

हवाई दरांत आणखी एक बारकावा आहे. दर टप्प्यांनुसार उतरतात. समजा, ४५ किलोंपासून पुढे प्रति किलो ५ आणि १०० किलोंपासून पुढे प्रति किलो ४ असा दर आहे. ९२ किलोंच्या मालाचे पहिल्या दराने ४६० होतात, पण तो १०० किलोंचा मानून घेतला तर ४०० च होतात. ही सवलत नियमातच आहे. ती ग्राहकाला स्वतःहून मिळवून देणारा कोऑर्डिनेटर त्याच्या लक्षात राहतो.

८. कोटेशनमध्ये काय काय लिहिलेच पाहिजे?

दर कोणत्या बंदरापासून कोणत्या बंदरापर्यंत आहे, कोणत्या आकाराच्या कंटेनरसाठी आहे, कोणत्या चलनात आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे स्पष्ट असावे. समुद्री भाडे हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. त्यावर इंधन अधिभार, टर्मिनल हाताळणी शुल्क, कागदपत्र शुल्क, गर्दीच्या हंगामातील अधिभार आणि गंतव्यस्थानचे स्थानिक शुल्क लागते. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. त्यानंतर कमी गंधकाच्या इंधनाचा वेगळा अधिभार अनेक कोटेशनमध्ये दिसू लागला. तो मूळ भाड्यात समाविष्ट आहे की वेगळा, हे लाइनला विचारूनच लिहावे.

माझ्या मते कोटेशनचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे “यात समाविष्ट नाही” ही यादी. सीमाशुल्क, कर, तपासणीचा खर्च, डेमरेज, डिटेन्शन (प्रश्न १३) आणि विमा यांपैकी जे आपण देत नाही, ते शब्दांत लिहावे. दर थोडा जास्त असला तर ग्राहक त्यावर घासाघीस करतो आणि विसरतो. न सांगितलेला खर्च बिलात आला, तर मात्र तो पुढची अनेक वर्षे विसरत नाही.

९. कटऑफ म्हणजे काय? प्रत्येक बुकिंगवर इतक्या तारखा का असतात?

एका जहाजासाठी सामान्यतः तीन वेगळ्या अंतिम वेळा असतात. पहिली शिपिंग इन्स्ट्रक्शनची, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर छापायचा मजकूर लाइनला देण्याची. दुसरी व्हीजीएमची, म्हणजे भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन कळवण्याची (प्रश्न १०). तिसरी भरलेला कंटेनर टर्मिनलमध्ये आत घेण्याची, म्हणजे गेट-इनची. यांतील एक जरी चुकली, तरी कंटेनर मागे राहू शकतो. काही देशांसाठी मालाची माहिती जहाजावर चढवण्याच्या २४ तास आधी सीमाशुल्क विभागाला द्यावी लागते, त्यामुळे त्या मार्गांवर शिपिंग इन्स्ट्रक्शनची मुदत आणखी लवकर संपते.

जहाजाची तारीख हलली की कटऑफही हलतात, कधी पुढे तर कधी मागे. ट्रकवाला, कारखाना आणि कस्टम ब्रोकर या तिघांनाही नवी वेळ लेखी कळवल्याशिवाय फाइल बंद करू नये.

१०. व्हीजीएम कोणी द्यायचे? अंदाजाने लिहिले तर चालते का?

चालत नाही. सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातील दुरुस्तीनुसार १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या निर्यात कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन मिळाल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. वजन करण्याच्या दोन पद्धती मान्य आहेत. एकीत भरलेला कंटेनर काट्यावर तोलतात. दुसरीत सर्व नग, पॅकिंग आणि माल बांधण्याचे साहित्य यांचे वजन करून त्यात कंटेनरचे रिकामे वजन मिळवतात. जबाबदारी बिल ऑफ लेडिंगवर ज्याचे नाव शिपर (माल पाठवणारा) म्हणून आहे, त्याची असते. त्यामुळे मास्टर बिलावर (प्रश्न ११) फॉरवर्डरचे नाव असेल, तर लाइनसमोर फॉरवर्डरच उत्तरदायी ठरतो. जहाजावरील रचना या आकड्यांवर होते. चुकीच्या वजनाने थप्पी कोसळते, तेव्हा खाली माणसे असू शकतात. म्हणून या एका रकान्यात गेल्या वेळचा आकडा कधीही उचलून टाकू नये.

११. हाउस बीएल, मास्टर बीएल, सी वेबिल, टेलेक्स रिलीज यांत मी नेहमी गोंधळतो. सोपे करून सांगाल का?

बिल ऑफ लेडिंग (बीएल) तीन कामे करते. ते माल मिळाल्याची पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असते, आणि हस्तांतरणीय स्वरूपात असल्यास मालावरील हक्काचा दस्तऐवज असते. मास्टर बीएल शिपिंग लाइन देते. त्यावर बहुधा फॉरवर्डर शिपर असतो आणि गंतव्यस्थानचा त्याचा सहकारी कन्साइनी, म्हणजे माल घेणारा. हाउस बीएल फॉरवर्डर देतो आणि त्यावर खरा विक्रेता व खरा खरेदीदार असतात.

मूळ बीएल साधारणतः तीन प्रतींच्या संचात निघते आणि त्यांतील एक सादर केल्यावर माल सुटतो. विक्रेत्याला पैसे मिळाले असतील आणि मूळ कागद पाठवण्यात वेळ घालवायचा नसेल, तर तो सर्व मूळ प्रती निर्गमन बंदरातच परत करतो आणि लाइन गंतव्य कार्यालयाला माल सोडण्याचा संदेश देते. याला सरेंडर किंवा टेलेक्स रिलीज म्हणतात. टेलेक्स यंत्रे गेली, नाव राहिले. सी वेबिल आणि विमानाचे एअर वेबिल हे हक्काचे दस्तऐवज नाहीत. त्यांवर नाव असलेल्या कन्साइनीला ओळख पटवून माल मिळतो. म्हणून ज्या व्यवहारात विक्रेत्याला पैसे मिळेपर्यंत मालावर पकड ठेवायची आहे, तेथे सी वेबिल सुचवू नये.

मसुदा तपासताना नावे, पत्ते, नगसंख्या, वजन, कंटेनर क्रमांक आणि सील क्रमांक हे मोठ्याने वाचून ताडून पाहावेत. कंटेनर क्रमांकात चार अक्षरे, सहा अंक आणि एक पडताळणी अंक असतो. अक्षरांतील किंवा आधीच्या सहा अंकांतील चूक बहुतेक वेळा त्या शेवटच्या अंकावरून पकडता येते.

१२. कंटेनर रोल झाला. ग्राहकाला काय सांगू?

रोल होणे म्हणजे बुकिंग असूनही कंटेनर त्या जहाजावर न चढता पुढच्या जहाजावर ढकलला जाणे. लाइन क्षमतेपेक्षा अधिक बुकिंग घेते, ट्रान्सशिपमेंट बंदरात (जेथे माल एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवतात) गर्दी होते किंवा संपूर्ण फेरीच रद्द होते. कारण कोणतेही असो, ग्राहकाला ही बातमी आपल्याकडून आणि त्याच दिवशी मिळाली पाहिजे. त्याला काय घडले, नवे जहाज कोणते व अपेक्षित तारीख कोणती, आणि आपण कोणता पर्याय तपासत आहोत, हे सांगावे. नवी तारीख अजून मिळालेली नसेल तर तसेच सांगावे आणि पुढची माहिती किती वाजता देऊ, ते ठरवून द्यावे.

मोठ्या व्यत्ययात सारेच वेळापत्रक बदलते. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकले आणि सहा दिवसांनी सुटले. पण रांगेत थांबलेल्या जहाजांमुळे त्यानंतरही अनेक आठवडे बंदरांत गर्दी राहिली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक लाइन्सनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. अशा काळात विक्रीच्या सहकाऱ्याने जुन्या प्रवासदिवसांवर शब्द देऊ नये, म्हणून बदललेले दिवस त्याला स्वतःहून कळवणे हेही कोऑर्डिनेटरचे काम आहे.

१३. डेमरेज आणि डिटेन्शन यांत फरक काय? दिवस कसे मोजतात?

आयातीत भरलेला कंटेनर मोफत मुदतीनंतरही टर्मिनलमध्ये पडून राहिला, तर डेमरेज लागते. तो बाहेर नेल्यानंतर रिकामा करून वेळेत परत केला नाही, तर डिटेन्शन. निर्यातीत रिकामा कंटेनर उचलून तो मुदतीत भरून आत आणला नाही तर डिटेन्शन, आणि फार लवकर आणून ठेवला तर डेमरेज. काही लाइन्स दोन्हींची मुदत एकत्र देतात.

समजा, पाच मोफत दिवस आहेत, कंटेनर ३ तारखेला उतरला, तोच पहिला दिवस धरला जातो आणि सुट्याही मोजल्या जातात. मोफत मुदत ७ तारखेला संपते. कंटेनर १० तारखेला बाहेर पडला, तर तीन दिवसांचे शुल्क लागेल. मात्र मोजणी कोणत्या घटनेपासून सुरू होते आणि सुट्या वगळतात का, हे प्रत्येक लाइनच्या अटींत वेगळे असते. जास्त मोफत दिवस हवे असतील, तर ते बुकिंगपूर्वीच मागावेत. कंटेनर अडकल्यानंतर केलेली विनंती क्वचितच मान्य होते.

१४. ग्राहक म्हणतो माल साधाच आहे, पण त्यात बॅटऱ्या आहेत. काय करावे?

बुकिंग थांबवावे आणि सुरक्षितता माहितीपत्रक मागवावे. समुद्री वाहतुकीत आयएमडीजी संहितेखाली धोकादायक मालाचे ९ वर्ग आहेत आणि लिथियम बॅटऱ्या नवव्या वर्गात येतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा क्रमांक यूएन ३४८०, उपकरणासोबत किंवा उपकरणात असलेल्यांचा यूएन ३४८१. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून मनाई आहे, आणि मालवाहू विमानातही त्या जास्तीत जास्त ३० टक्के चार्ज असाव्या लागतात. अत्तर, रंग, एरोसोल, चुंबक यांबाबतही “साधा माल” हे उत्तर पुरेसे नाही. खोट्या घोषणेने जहाजांवर आगी लागल्या आहेत. या बाबतीत ग्राहक नाराज झाला तरी मागे हटू नये, आणि वरिष्ठांनी तुमच्या पाठीशी उभे राहावे अशी अपेक्षा तुम्ही निःसंकोच ठेवावी.

१५. लेटर ऑफ क्रेडिटची मुदत उलटली, म्हणून ग्राहक बीएलवर मागची तारीख मागतो. शिवाय खराब पॅकिंगचा शेरा काढून ‘क्लीन’ बीएल द्या म्हणतो. हमीपत्र द्यायला तो तयार आहे. मग हरकत काय?

हरकत गंभीर आहे. बँक आणि खरेदीदार त्या कागदावर विसंबून पैसे देतात. माल ५ तारखेला चढला असताना आधीच्या महिन्याची ३० तारीख लिहिणे किंवा दिसलेले नुकसान लपवणे ही खोटी नोंद आहे आणि त्यासाठी घेतलेले हमीपत्र अनेक न्यायव्यवस्थांत लागू करून घेता येत नाही. त्यामुळे जबाबदारी शेवटी कागद देणाऱ्यावरच येते. नकार लेखी द्यावा आणि त्याच ईमेलमध्ये वैध मार्ग सुचवावेत: खरेदीदाराकडून क्रेडिटच्या अटींत दुरुस्ती करून घेणे, किंवा विसंगतीसह कागद सादर करून खरेदीदाराची संमती मिळवणे.

हा प्रसंग मुळातच येऊ नये, म्हणून क्रेडिटची प्रत बुकिंगच्या वेळीच मागून घ्यावी. शेवटची शिपमेंट तारीख, ट्रान्सशिपमेंटला परवानगी आहे का आणि कागद सादर करण्याची मुदत या तीन ओळी पाहाव्यात. क्रेडिट यूसीपी ६०० या लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली असेल, तर कागद शिपमेंटनंतर २१ दिवसांच्या आत आणि क्रेडिटची मुदत संपण्यापूर्वी सादर व्हावे लागतात. क्रेडिटमध्ये याहून कमी दिवस दिले असतील, तर ते लागू होतात.

१६. मालाचे नुकसान झाले, तर वाहतूकदार पूर्ण किंमत भरून देतो ना?

बहुधा नाही, आणि हे ग्राहकाला आधी सांगणे आवश्यक आहे. समुद्री वाहतुकीचे हेग-व्हिस्बी नियम लागू असतील, तर वाहतूकदाराची जबाबदारी प्रति नग ६६६.६७ एसडीआर किंवा प्रति किलो २ एसडीआर यांतील जास्त रकमेपुरती मर्यादित असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. हवाई वाहतुकीत मॉन्ट्रियल करारानुसार ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रति किलो २६ एसडीआर आहे. १० किलोंचे महागडे उपकरण विमानात हरवले, तर २६० एसडीआरपेक्षा अधिक मिळण्याची आशा धरता येत नाही, जर अधिक मूल्याची विशेष घोषणा करून त्याचे शुल्क भरलेले नसेल. म्हणून मालाचा स्वतंत्र विमा सुचवावा आणि ग्राहकाने नाकारला तर तो नकार ईमेलमध्ये नोंदवून ठेवावा.

१७. माझ्या ग्राहकाचा माल सुखरूप आहे, तरी ‘जनरल ॲव्हरेज’साठी पैसे का मागत आहेत?

जहाज व माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला असाधारण त्याग किंवा खर्च सर्व हितसंबंधितांनी आपापल्या मूल्याच्या प्रमाणात वाटून घ्यावा, हे समुद्री व्यापारातील फार जुने तत्त्व आहे. त्याचा हिशेब यॉर्क-अँटवर्प नियमांनुसार होतो. आग विझवताना भिजलेला माल दुसऱ्याचा असला तरी तुमच्या ग्राहकाचा माल त्यामुळे वाचला, म्हणून त्याचाही वाटा असतो. प्रश्न १२ मधील एव्हर गिव्हनच्या प्रसंगातही जनरल ॲव्हरेज जाहीर झाले होते. विमा असेल तर विमा कंपनी हमी देते आणि ग्राहकाने बाँड भरल्यावर माल सुटतो. विमा नसेल तर रोख अनामत द्यावी लागते आणि अंतिम हिशेबाला वर्षे लागू शकतात.

१८. विक्रीच्या सहकाऱ्याने चुकीचा दर देऊन टाकला आहे. दोष माझ्यावर येईल का?

आधी चूक कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. बुकिंग झालेले नसेल, तर सुधारित कोटेशन कारणासह त्याच दिवशी पाठवता येते आणि बहुतेक ग्राहक ते समजून घेतात. माल निघून गेला असेल, तर फरक सोसायचा की मागायचा हा निर्णय व्यवस्थापकाचा आहे. तुम्ही लाइनचा मूळ दर, पाठवलेले कोटेशन आणि फरकाचा आकडा एका पानावर मांडून त्याच्यासमोर ठेवावा. सहकाऱ्याला ग्राहकासमोर उघडे पाडू नये, पण अंतर्गत नोंदीत झाकूही नये. लाइनचा ईमेल ज्या फोल्डरमध्ये सापडतो, त्याच फोल्डरमध्ये तुमचा बचावही सापडतो.

१९. खरेदीदार गंतव्य बंदरात उभा आहे, मूळ बीएल कुरिअरमध्ये अडकले आहे आणि डेमरेज वाढते आहे. ग्राहक ओळखीचा आहे. मी आमच्या तिथल्या एजंटला माल सोडायला सांगू का?

सांगू नये. मूळ बीएल न घेता माल सोडला आणि बीएलचा वैध धारक दुसराच निघाला, उदाहरणार्थ पैसे न मिळालेली बँक, तर तुमच्या कंपनीला मालाची किंमत भरावी लागू शकते. अशा दाव्यांना जबाबदारी विम्याचे संरक्षण अनेकदा मिळत नाही. बँकेची प्रतिस्वाक्षरी असलेली हमी घेऊन माल सोडण्याचा मार्ग आहे, पण त्याला लाइनची आणि तुमच्या व्यवस्थापनाची लेखी संमती लागते. तुमच्या पातळीवर तीन गोष्टी लगेच करता येतात: कुरिअरचा नेमका ठावठिकाणा काढणे, विक्रेत्याकडे किंवा बँकेकडे संचातील दुसरी मूळ प्रत शिल्लक आहे का हे विचारणे, आणि लाइनकडे मोफत दिवस वाढवण्याची विनंती कारणासह नोंदवणे. संचातील कोणतीही एक रीतसर एंडोर्स केलेली (मागे सही करून हक्क पुढे दिलेली) मूळ प्रत गंतव्य कार्यालयात पोचली, तरी माल सुटू शकतो. क्रेडिटने पूर्ण संच मागितला असेल तर मात्र सर्व प्रती बँकेमार्फतच गेलेल्या असतात, आणि तेव्हा पहिला फोन बँकेला करावा.